पैसा हंगामाला, बिल महिन्याला

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर आणि आसपासच्या गावांत पैसा एक तारखेला येत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तो तुटायला पंधरा-सोळा महिने जातात. तुटल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, द्यावी असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिलाचे तुकडे पडणे या जिल्ह्याला नवे नाही. राज्य सरकारने तर फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा निर्णयच काढला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला. आल्याचे तर विचारूच नये. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले आले निघते पुढच्या वर्षी. भाव नसला तर ते रानातच ठेवतात आणि वाट पाहतात. पाचशे किलोच्या गाडीला काय मिळेल हे व्यापारी बांधावर येईपर्यंत कुणी सांगू शकत नाही. २०२३ मध्ये भाव कधी नव्हे इतका चढला, आणि ते पाहून ज्यांनी महागाचे बेणे घेऊन लागवड वाढवली त्यांच्या पदरात पुढे कोसळलेला भाव पडला.

क्रेडिट कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी निघते आणि त्यानंतर साधारण अठरा-वीस दिवसांत पूर्ण भरावे लागते. पाऊस लांबला, कारखान्याचे बिल अडकले, आले रानात आहे, यातले काहीही त्या तारखेला ऐकू येत नाही. कोणते कार्ड घ्यावे यावर जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या पगारदाराला समोर धरून. विमानतळावरच्या लाउंजमध्ये वर्षातून किती वेळा फुकट बसता येईल, हॉटेलच्या बिलावर किती पॉइंट पडतील, असली त्यातली गणिते. पुणे-मिरज मार्गावरची गाडी पकडून पोराकडे जाणाऱ्या माणसाला त्या लाउंजचे काय करायचे? त्याने आधी पाहायचे ते एवढेच, की आपला पैसा कधी येतो आणि या कार्डाचे बिल कधी येणार. माझ्या मते कार्ड घ्यावे की नाही, घेतले तर कोणते आणि वापरायचे कसे, हे सगळे या दोन तारखांवरून ठरते. व्याजदर, फी, पॉइंट यांचा नंबर त्यानंतरचा.

आधी एक गफलत दूर करायला हवी. विकास सोसायटीतून किंवा बँकेतून मिळणारे किसान क्रेडिट कार्ड आणि फोनवरून गळ्यात मारले जाणारे क्रेडिट कार्ड यांचा एकमेकांशी संबंध नाही. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. ते पीककर्ज आहे आणि त्याची परतफेड पिकाच्या हंगामाला बांधलेली आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, वेळेत फेडले तर केंद्राची तीन टक्के सवलत, आणि राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याला उरलेलेही माफ. म्हणजे नियमित शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते. दुसऱ्या कार्डाचा दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. तरीही कार्डच आहे की, सोसायटीचे भरतो तसे मार्चमध्ये भरू, अशा समजुतीने वापर होतो, आणि मार्च येईपर्यंत मूळ खरेदी विसरून जावी इतके व्याज चढलेले असते. खत, बेणे, औषध, ठिबक यांचा खर्च पहिल्या कार्डातच बसवायचा असतो. कृषी सेवा केंद्रात दुसरे कार्ड पुढे करायची वेळ आली तर आपली पीककर्जाची मर्यादा वाढवून घेतली आहे का हे आधी तपासावे. पीक बदलले, क्षेत्र वाढले, तर ती वाढवून मिळू शकते.

दुसरे कार्ड देशात आले शहरी माणसासाठीच. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले सेंट्रलकार्ड काढले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे क्रेडिट कार्ड म्हणजे मोठ्या शहरातला, पगाराची स्लिप असलेला ग्राहक असेच समीकरण राहिले. आता देशातल्या कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. ते लहान गावांत पोचले मोबाइलमुळे. सातारा-सांगलीकडच्या माणसाचा विश्वास ज्या पतसंस्थेवर, तिला क्रेडिट कार्ड काढता येत नाही. नागरी सहकारी बँकेलाही त्यासाठी किमान शंभर कोटींची नक्त मालमत्ता लागते. त्यामुळे ओळखीच्या काउंटरवरचा ओळखीचा माणूस हे कार्ड देत नाही. देतो तो फोनवरचा आवाज किंवा एखादे ॲप. ज्याला जाऊन जाब विचारता येत नाही अशा माणसाकडून घेतलेले हे कर्ज आहे, आणि ‘लाइफटाइम फ्री’ ऐकून होकार देणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

आता दर. कार्डाचा दर महिन्याचा सांगतात: साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के. आपल्याकडे सावकारी व्याजही महिन्याचेच बोलले जाते, शेकडा तीन, शेकडा पाच. त्यामुळे पावणेचार ऐकून शहरातला माणूस एक वेळ फसेल. इथल्या माणसाने फसू नये. शेकडा पावणेचार म्हणजे वर्षाला पंचेचाळीस, आणि वर व्याजाच्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी. दोन्ही धरले तर महिन्याला जवळजवळ साडेचार टक्के.

याच्या शेजारी कायद्याचे सावकार ठेवून बघावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा. त्याखाली शासनाने ठरवलेले दर असे, की परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले तर वर्षाला बारा टक्के, बिगरशेतकऱ्याला अठरा टक्के, त्याहून जास्त नाही. एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही हा दामदुप्पटीचा जुना नियमही त्या कायद्यात आहे. सातारा जिल्ह्याला या संरक्षणाचा इतिहास थोडाथोडका नाही. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे जाळली गेली आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय झाला, हातात पैसे किती पडले, व्याजावर व्याज किती चढवले हे दिवाणी न्यायाधीशाने उकरून बघावे, अशी त्यातली मुख्य तरतूद. कुळाला पावती द्यायची, हिशेब द्यायचा, कर्जापायी त्याला कैदेत टाकायचे नाही, हेही त्यातच.

बँकेच्या कार्डाला यातले काही लागू नाही. सावकारी कायद्यातून बँका वगळलेल्या आहेत. दर फार आहे म्हणून न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१अ सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि तिथे २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द झाला. दर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे आणि बँकांचे काम, आयोगाचे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण दीडशे वर्षांपूर्वी इथल्या कुणब्याला जे संरक्षण मिळाले ते त्याच्या पणतूला कार्डाच्या बाबतीत नाही, हे विसरून कार्ड वापरू नये. पावणेचार टक्क्यांनी सरळ व्याज धरले तरी सव्वादोन वर्षांत ते मुद्दलाएवढे होते. दामदुप्पट तिथे थांबली असती, कार्ड थांबत नाही.

कार्डाचे खरे पाणी बिलावरच्या दोन आकड्यांत कळते. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. लोकांचा घात होतो तो दुसऱ्या आकड्यात. समजा चाळीस हजार बाकी आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे दोन हजार. महिन्याचे व्याज पावणेचार टक्क्यांनी दीड हजार, त्यावर जीएसटी दोनशे सत्तर. भरलेल्या दोन हजारांतले सतराशे सत्तर तिथेच गेले. मुद्दलात जमा झाले दोनशे तीस. नवीन एक रुपयाची खरेदी न करता हे चालू ठेवले तरी कर्ज फिटायला वर्षांमागून वर्षे जातील. रिझर्व्ह बँकेने बिलावर याचा इशारा छापायला लावला आहे, पण तो वाचतो कोण? किमान रक्कम भरली की दंड लागत नाही आणि खाते थकीत दिसत नाही, म्हणून भरणारा निर्धास्त असतो. बँकेलाही असेच गिऱ्हाईक सगळ्यात फायद्याचे.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक आहे. बिनव्याजी मुदत, जिची जाहिरात ‘पन्नास दिवसांपर्यंत’ अशी होते, ती बिल पूर्ण भरले तरच. थोडेसे ठेवले तरी ती मोडते, आणि बऱ्याच बँकांच्या अटींप्रमाणे व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. लग्नाच्या बस्त्याला पन्नास हजार कार्डावर गेले, पंचेचाळीस दिवसांनी भरायच्या तारखेला पंचेचाळीस हजार भरले आणि पाचच हजार पुढे ढकलले, असे समजू. माणूस म्हणतो पाच हजारांवर महिन्याचे व्याज पावणेदोनशे-दोनशे होईल. प्रत्यक्षात पन्नास हजारांवर पंचेचाळीस दिवसांचे व्याज सुमारे पावणेअठ्ठावीसशे, त्यावर जीएसटी, मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास. शिवाय त्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाहीच; पहिल्या दिवसापासून मीटर चालू. असे पाच हजार कमी पडणार असतील तर ते भावाकडून, भिशीतून, सोने गहाण ठेवून, कुठूनही आणून बिल पूर्ण भरणे स्वस्त पडते.

एटीएममधून कार्डावर रोख काढणे हा तर निव्वळ तोटा. दहा हजार काढले आणि वीस दिवसांनी भरले, तर पाचशे रुपये काढणावळ, अडीचशेच्या आसपास व्याज, दोन्हींवर जीएसटी: जवळपास पावणेनऊशे. वीस दिवसांना शेकडा पावणेनऊ. याला पर्याय म्हणून मशीनवर कार्ड घासून हातावर रोख ठेवणारे भेटतात. मालाचे खोटे बिल, वर दोन-तीन टक्के कापून घेणे. बँकेच्या लक्षात आले की कार्ड बंद होते, आणि चोरीच्या पैशाचे प्रकरण मागे लागले तर पोलिसांपुढे खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

मग घ्यावे कुणी? शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी, फौजेतला जवान, निवृत्तिवेतनधारक यांचा पैसा महिन्याला येतो. त्यांना कार्ड सोयीचे आहे, फक्त तारीख जुळवून घ्यावी. शालार्थमधून होणारा पगार एक तारखेचा दहा तारखेवर जातो हे शिक्षकांना सांगायला नको. अशांनी बिल महिन्याच्या अखेरीस निघेल असे चक्र मागावे, म्हणजे भरायची तारीख पंधरा ते वीसच्या दरम्यान पडते. बिलाचे चक्र निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी दिला आहे. हा हक्क वापरणारा मला अजून भेटायचा आहे. पूर्ण रकमेची स्वयंचलित वजावट लावावी, किमान रकमेची नव्हे. अर्ज भरताना ही खूण कुठे केली हे बघावे, कारण एजंट सवयीने किमान रकमेवर टिचकी मारतो.

दुकानदाराचा मोह वेगळा. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, तेवढ्यात माल खपतो, असे गणित तो मांडतो. किराणा, औषधे असा रोज फिरणारा माल असेल तर ते जमतेही. पण गावातली विक्री निम्मी उधारीवर असते आणि ती उधारी वसूल होते ऊसबिलावर. म्हणजे गिऱ्हाइकाचा हंगाम दुकानदाराच्या कार्डाला लागतो. त्याच्यासाठी बँकेचे कॅश क्रेडिट हेच योग्य साधन. दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी आणि महिन्याला सगळे फेडायचे बंधन नाही. कार्ड घेतलेच तर धंद्याचे आणि घरचे वेगळे ठेवावे. दोन्ही एका बिलात आले की आपण धंद्यात कमावतो की कार्डावर जगतो हेच कळेनासे होते.

ऊस-आल्याच्या शेतकऱ्याने कार्ड घेऊच नये असे मी म्हणणार नाही. रेल्वेचे आरक्षण, मुलांची परीक्षा फी, ऑनलाइन मागवलेले मोटरीचे सुटे भाग, अचानक दवाखाना, यांना ते उपयोगी आहे. पण क्रम उलटा हवा. पैसा येईल या भरवशावर कार्ड वापरायचे नाही. पैसा आल्यावर वापरायचे. ऊसबिल जमा झाले की वर्षाच्या घरखर्चातला काही भाग मुदत ठेवीत टाकून त्या ठेवीवर कार्ड घेता येते. मर्यादा ठेवीच्या ऐंशी-नव्वद टक्के असते, पगाराची स्लिप लागत नाही, ठेवीचे व्याज चालू राहते, आणि वापर ठेवीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. बिल भरायचे पैसे बचत खात्यात आधीच पडलेले असावेत. ज्या महिन्यात ते नाहीत त्या महिन्यात कार्ड कपाटात. तोडणी लांबलेल्या किंवा आले रानात अडकलेल्या दिवसांत, म्हणजे जेव्हा कार्ड काढावेसे सगळ्यात जास्त वाटते तेव्हाच, ते सगळ्यात महाग पडते. त्या काळासाठी बँकेतले सोनेतारण कर्ज पुष्कळ बरे. त्याला हंगामाएवढी मुदत मिळते.

पुण्यात शिकायला ठेवलेल्या मुलाच्या हाती स्वतंत्र कार्ड देण्यापेक्षा बापाच्या कार्डावरचे पुरवणी कार्ड द्यावे आणि त्याची मर्यादा वेगळी, छोटी करून घ्यावी. देणे बापाच्याच नावावर राहते, हे मात्र मुलाला आधी ऐकवून ठेवावे. उलट प्रकारही आहे. मुंबईत माथाडी म्हणून किंवा पुण्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाचे कार्ड गावाकडच्या घरासाठी वापरले जाते: फ्रिज, बहिणीचे लग्न, विहिरीवरची मोटर. विटा-आटपाडीकडच्या सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायातल्या कुटुंबांत तर परमुलखातली कमाई आणि गावातला खर्च हा पिढ्यांचा रिवाज. यात वाईट काही नाही, पण खर्चाचा निर्णय गावात होतो आणि बिल पगारातून एकट्याला भरावे लागते. वडील ‘ऊसबिल आल्यावर देतो’ म्हणतात आणि त्यांचा शब्द खराही असतो, फक्त तो आठ महिन्यांनी खरा ठरतो. अशा वेळी मुलाने सरळ वैयक्तिक कर्ज काढावे. दर कार्डाच्या निम्म्याच्या आसपास आणि हप्ता ठरलेला.

कार्ड निवडताना गावच्या माणसाने एक गोष्ट नीट बघावी. इथे दुकानोदुकानी क्यूआर कोड आहे, मशीन मोजक्याच ठिकाणी. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, म्हणजे तोच कोड स्कॅन करून कार्डावर खर्च होतो. इतर नेटवर्कच्या कार्डांना ही सोय नाही. त्यामुळे रहिमतपुरात वापरायचे कार्ड रुपे असावे. नेटवर्क निवडायचा पर्याय ग्राहकाला द्यावा असे रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांना सांगितले आहे, तेव्हा मागून घ्यावे. मात्र यातला धोकाही तिथेच आहे. चहा, भाजी, पेट्रोल, चाळीस-साठ-दोनशे असे रोजचे खर्च कार्डावर जाऊ लागले की महिनाअखेर कशावर किती गेले याचा पत्ता लागत नाही. खिशातली नोट कमी होताना दिसते, कार्डावरचा पैसा कमी होताना दिसत नाही.

फीचे गणित सोपे ठेवावे. वार्षिक फी नसलेले कार्ड पहिल्यांदा पुरे. ‘वर्षात एक लाख खर्च केला तर फी माफ’ या अटीसाठी माणसे मार्चअखेर नको त्या वस्तू घेतात. पाचशेची फी वाचवायला पाच हजारांचा मिक्सर. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असते, व्याजाचा भाग सवलत म्हणून दाखवला तरी त्यावरचा जीएसटी लागतोच, आणि रोखीने घेतल्यावर दुकानदार जी सूट देतो ती जाते. रोखीचा भाव आधी विचारावा, मग हप्त्यांचा. आपल्याकडे घासाघीस करायची सवय आहे, ती मोबाइलच्या दुकानात का सोडतात कळत नाही.

सिबिलबद्दल गावात भीती जास्त आणि माहिती कमी. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. वेळेवर भरणे, मर्यादेतले किती वापरले, कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, यांवरून ते ठरतात. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वापर ठेवावा असा रूढ सल्ला आहे आणि तो चांगला आहे. तीन ॲपवर एकाच आठवड्यात ‘कार्ड मिळेल का बघू’ म्हणून अर्ज केले तर तिन्ही चौकशा नोंदल्या जातात. कार्डावरची दोन-तीन हजारांची जुनी, विसरलेली बाकी थकीत दिसते, आणि तीच पुढे ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाला आडवी येते. पीककर्जासाठी सिबिल मागू नका असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे, पण ते बजावणे पीककर्जापुरते, ट्रॅक्टरला नाही. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. एकीकडून घेऊन बघावा. कधी न घेतलेले कार्ड आपल्या नावावर दिसले तर तेव्हाच कळते.

न मागता कार्ड पाठवायला बँकांना मनाई आहे. पाठवले आणि संमतीशिवाय चालू करून बिल लावले, तर बिल मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. मिळालेले कार्ड तीस दिवस चालू केले नाही तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची आणि ती नसेल तर सात कामाच्या दिवसांत फुकट बंद करायचे. मर्यादा वाढवायलाही तुमचा स्पष्ट होकार लागतो. ‘सर, तुमची लिमिट दीड लाख केली आहे’ असा फोन आला तर नको म्हणता येते, आणि बहुतेक वेळा म्हणावे.

फसवणुकीचे प्रकार रोज बदलतात, मूळ एकच: ओटीपी काढून घ्यायचा किंवा व्हॉट्सॲपवर चलनाच्या, लग्नपत्रिकेच्या, पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल पाठवून फोनच ताब्यात घ्यायचा. कार्डावरचे परदेशी व्यवहार आणि स्पर्शविरहित पेमेंट ॲपमधून बंद ठेवता येतात. लागत नसतील तर ठेवावेत. पैसे गेल्याचा मेसेज दिसला की १९३० वर फोन आणि बँकेला लेखी कळवणे त्याच दिवशी. चूक तुमची नसताना तिसऱ्याच्या गडबडीने पैसे गेले असतील आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डाला कमाल दहा हजारांपर्यंत. त्यानंतर बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच, म्हणून लाजेपायी दोन दिवस गप्प बसणे महागात पडते.

थकलेच तर? पळ काढू नये. बँकेला लेखी कळवून बाकीचे हप्ते करून मागावेत. दर कार्डापेक्षा कमी पडतो. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करायची नाही, असा नियम आहे. लहान गावात शेवटचा भाग सगळ्यात झोंबतो. चावडीवर येऊन नाव घेतले की माणूस कुठूनही पैसे आणतो, हे वसुलीवाल्यांनाही माहीत असते. अशा वेळी तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवावेत. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही, मराठीतून लिहिता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

कार्ड बंद करणे हा सगळ्यात कमी वापरला जाणारा हक्क. बाकी शून्य असेल तर मागणी केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे. नाही झाले तर दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. कस्टमर केअरचा माणूस ‘सर, फी माफ करतो, ठेवा’ म्हणेल. फोन ठेवून ईमेलने मागणी करावी, पॉइंट आधी वापरून घ्यावेत, स्वयंचलित वजावटी काढून टाकाव्यात, बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवावा आणि दोन महिन्यांनी पतअहवालात ते ‘बंद’ दिसते का हे पाहावे.